माणूस बदलला की मात्रा तपासा: सीओपीडीच्या औषधांसाठी घरच्यांना मार्गदर्शन

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याच्या आजाराच्या, रुग्णाला डॉक्टर जी मात्रा लिहून देतात, ती त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाची असते. वय, वजन, बिडी, यकृत, मूत्रपिंडं आणि बाकीच्या गोळ्या धरून ती ठरते. पुढे बिडी सुटते, ताप येतो, पायावर सूज चढते, त्वचेचे डॉक्टर वेगळी गोळी देतात. इंदूरच्या दवा बाजारातून पट्टी मात्र तीच येत राहते. औषध बदललेलं नसतं, पण ते पचवून शरीराबाहेर टाकणारा माणूस बदललेला असतो. घरच्यांनी नेमकं कशावर लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांना कधी, काय सांगायचं, ते इथे दिलं आहे. मात्रा कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच.

आधी सगळ्या पट्ट्या टेबलावर

घरातली सगळी औषधं एका जागी काढा. पंप, रोटाकॅप (पूड श्वासाने ओढायच्या कॅप्सूल), नेब्युलायझरच्या कुप्या, खोकल्याचं सिरप, मधुमेहाच्या नि रक्तदाबाच्या गोळ्या, वैद्यांचं चूर्ण, कोणीतरी गावाहून आणलेली पुडी, काही सोडू नका. मग पट्टीवरचं मोठं नाव विसरा आणि खाली बारीक अक्षरात छापलेले घटक वाचा. डोळ्यांना जमत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

पहिली चूक इथेच सापडते. श्वासनळ्या उघडणाऱ्या एकाच गटातली दोन औषधं दोन वेगळ्या नावांनी चालू असतात. डेरिफायलिन रिटार्ड १५० मध्ये एटोफायलिन ११५ मिलिग्रॅम आणि थिओफायलिन ३५ मिलिग्रॅम असतं, ३०० च्या गोळीत २३१ आणि ६९. बाजारात नुसत्या थिओफायलिनच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्याही मिळतात, साल्ब्युटामॉल आणि थिओफायलिन एकत्र असलेल्याही. डॉक्सोफायलिन आणि मोंटेलुकास्टबरोबर येणारं असेब्रोफायलिन हीदेखील त्याच घराण्यातली. नावाच्या शेवटी ‘फायलिन’ असलेल्या दोन पट्ट्या दिसल्या तर त्या दोन्ही डॉक्टरांना नेऊन दाखवा. असं होतं कारण एक पट्टी फॅमिली डॉक्टरांची असते, दुसरी छातीच्या डॉक्टरांची, आणि पहिली बंद करा असं कोणी म्हणालेलं नसतं.

बिननावाच्या पुड्यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. ‘दम्याची खात्रीची पुडी’ घेतल्यावर दोन दिवसांत भूक वाढली, तरतरी आली, चेहरा भरला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्यावी. ती एकदम तोडणंही धोक्याचं असतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असू शकतं. तेव्हा पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

थिओफायलिनची एवढी चर्चा का

जागतिक मार्गदर्शक सूचनांत सीओपीडीसाठी थिओफायलिनला आता मागची जागा आहे. दीर्घकाळ चालणारे पंप मिळत नसतील किंवा परवडत नसतील तरच ते द्यावं, असं त्या म्हणतात. आपल्याकडे ते अजून घरोघरी आहे, कारण गोळी स्वस्त आहे आणि पंपाची उगाच भीती आहे.

या औषधात फायद्याची पातळी आणि त्रासाची पातळी अगदी जवळजवळ आहेत. प्रयोगशाळेच्या कागदावर रक्तातली पातळी बहुतेक वेळा १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी छापलेली असते. बरेच डॉक्टर हल्ली ५ ते १५ वरच समाधानी असतात. २० च्या वर मळमळ, उलटी, हात थरथरणं, झोप उडणं, छातीत धडधड हे सुरू होतं. आणखी वर गेलं तर हृदयाची लय बिघडते, झटके येतात. वाईट भाग असा की म्हाताऱ्या माणसात पातळी हळूहळू चढली असेल तर उलटीचा इशारा न देताही थेट झटका येऊ शकतो.

हे औषध मुख्यतः यकृतात मोडलं जातं, आणि ते काम सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम करतं. माणसागणिक त्याचा वेग इतका बदलतो की तीच गोळी एकाला पुरत नाही आणि दुसऱ्याला विषासारखी चढते. रक्तातलं औषध निम्मं व्हायला निरोगी, बिडी न ओढणाऱ्या प्रौढाला साधारण ८ तास लागतात. रोजच्या धूम्रपान करणाऱ्याला ४ ते ५ तास पुरतात. हृदय कमजोर असेल तर हाच वेळ दिवसभरावर जातो आणि यकृताचा सिऱ्होसिस असेल तर त्याहूनही पुढे. साठीनंतर औषध बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटते. म्हणूनच साठीच्या पुढच्या रुग्णाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर थिओफायलिन देताना रक्तातली पातळी पाहावी लागते.

बिडी सुटली, तो दिवस लिहून ठेवा

विडी-सिगारेटच्या धुरातली काही रसायनं हे एन्झाइम वाढवतात. निकोटिन ते वाढवत नाही. या एका गोष्टीतून बरंच काही निघतं. गुटखा-खैनी खाणाऱ्यात हा परिणाम होत नाही, कारण तिथे धूर नाही. निकोटिनची च्युइंगम किंवा पट्टी लावून बिडी सोडली तरी एन्झाइम खाली येणारच, कारण धूर बंद झाला.

आजोबांनी बिडी सोडली की आठवड्याभरात थिओफायलिन बाहेर टाकण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी पडतो. गोळी तीच ठेवली तर पातळी चढत जाते. म्हणून बहुतेक डॉक्टर पहिल्या आठवड्याच्या आसपास मात्रा पाव ते एक तृतीयांश कमी करतात आणि पातळी तपासायला सांगतात. घरचे मात्र खूश असतात, ‘बिडी सुटली, आता तब्येत सुधारेल’, आणि दहाव्या दिवशी आजोबांची झोप उडते, हात थरथरतात, जेवण नको होतं. त्याला तलफेचा त्रास म्हटलं जातं. चहाही इथे भर घालतो, कारण कॅफिन त्याच एन्झाइमने मोडतं. बिडी सुटली की पूर्वीचाच चार कप चहा जास्त वेळ अंगात राहतो.

ओपीडीत प्रश्न येतो, ‘बीड़ी पीते हो?’ आणि उत्तर जातं, ‘छोड़ दी साहब’. हे उत्तर अपुरं आहे. कधी सोडली? परवा, की पाच वर्षांपूर्वी? दिवसाला किती होत्या? पूर्ण बंद, की सकाळची एक चालू आहे? तारीख सांगा. पुन्हा सुरू झाली असेल तर तेही सांगा. अशा माणसात औषध लवकर संपतं आणि रात्री धाप लागते. मग त्यावर मात्रा वाढवली जाते आणि पुढच्या वेळी बिडी सुटली की तीच वाढलेली मात्रा अंगावर येते.

सगळ्यात जोखमीचा काळ म्हणजे दवाखान्यात भरती होण्याचा. बिडी सक्तीने बंद. ताप असतो, आणि १०२ अंश फॅरेनहाइटचा ताप चोवीस तास टिकला तर थिओफायलिनचा निचरा मंदावतो. उजव्या बाजूच्या हृदयावर ताण आलेला असतो. त्यात एखादं अँटिबायोटिक सुरू होतं. चारही गोष्टी पातळी वरच ढकलतात. वॉर्डात सलाइनमधून अॅमिनोफायलिन लावायचं ठरलं, तर घरी कालपर्यंत कोणती ‘फायलिन’ चालू होती हे विचारण्याची वाट पाहू नका, आपणहून सांगा.

दुसऱ्या डॉक्टरांची गोळी

सिप्रोफ्लॉक्सासिन हे ठळक उदाहरण. लघवीच्या किंवा पोटाच्या जंतुसंसर्गासाठी मिळतं, आणि थिओफायलिन मोडणारं एन्झाइम अडवतं. त्याच गटातलं लिवोफ्लॉक्सासिन हा खेळ फारसा करत नाही. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन पातळी वाढवतात. अझिथ्रोमायसिनचा परिणाम नगण्य, मात्र ते हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकतं. जुन्या अॅसिडिटीच्या गोळ्यांत सिमेटिडिन पातळी वाढवतं, पॅन्टोप्राझोलने तसं होत नाही. फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध फार मोठा अडथळा आणतं. उलट, फिटसाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि टीबीचं रिफाम्पिसिन पातळी खाली आणतात.

यात एक साखळी हमखास घडते. थिओफायलिन जास्त झाल्याने हात थरथरतात, धडधडतं. ते दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं जातं, तिथे थरथरीसाठी प्रोप्रानोलॉल मिळतं. प्रोप्रानोलॉल श्वासनळ्या आवळतं आणि वर थिओफायलिनची पातळीही चढवतं. धाप वाढली म्हणून आणखी एक गोळी. ही साखळी तोडायची तर दुसऱ्या डॉक्टरांपुढे पहिल्यांच्या पट्ट्या ठेवणं एवढाच उपाय आहे. हृदयासाठी बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी निवडक औषधं सीओपीडीत बहुधा चालतात. ती ऐकीव भीतीने आपल्या मनाने बंद करू नयेत.

खोकल्यासाठी मधातून पिंपळीचं चूर्ण किंवा त्रिकटू आपल्याकडे सर्रास घेतात. पिंपळी आणि मिरीतलं पिपेरिन रोज २० मिलिग्रॅम, सलग आठवडाभर दिल्यावर निरोगी माणसांत थिओफायलिनची पातळी वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्यातली मिरी यात धरायची गरज नाही. पण रोज चमचाभर चूर्ण चालू असेल तर ते औषध समजूनच कागदावर लिहा.

वजन कोणतं धरायचं

थिओफायलिन चरबीत फारसं शिरत नाही, म्हणून जाड माणसात मात्रा काट्यावरच्या वजनावर न काढता उंचीला साजेशा वजनावर काढतात. पुरुषांसाठी ५० किलो, अधिक १५२ सेंटिमीटरच्या वरच्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.९ किलो, बायकांसाठी सुरुवात ४५.५ पासून. म्हणजे १६२ सेंटिमीटर उंच, ८२ किलोच्या काकांसाठी हिशोबाचं वजन ५९ किलो.

सीओपीडीत उलटा प्रकार जास्त दिसतो. माणूस वाळत जातो, आणि इथे मूत्रपिंडाचा रिपोर्ट फसवतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो घटक, स्नायूंतून येतं. स्नायूच उरले नाहीत तर मूत्रपिंड थकलेलं असूनही आकडा ‘नॉर्मल’ छापला जातो. ७८ वर्षांच्या, ४२ किलोच्या आजीचं क्रिएटिनिन १.० आहे असं समजा. मूत्रपिंडं मिनिटाला किती गाळतात याचा अंदाज असा काढतात. १४० मधून वय वजा करा, ६२. त्याला वजनाने गुणा, २६०४. ७२ गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे ७२ ने भागा, ३६. बाईमाणूस म्हणून ०.८५ ने गुणा. उत्तर येतं जेमतेम ३१ मिलिलिटर प्रति मिनिट. रिपोर्टवर एकही तांबडं अक्षर नसताना मूत्रपिंडाचं काम निरोगी तरुणाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेलं असतं.

याचा संबंध पंपाशी आहे. पंपातली टायोट्रोपियम आणि ग्लायकोपायरोनियम ही औषधं रक्तात पोचल्यावर मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडावाटेच बाहेर जातात. हा आकडा ६० च्या खाली असेल तर टायोट्रोपियमवर लक्ष ठेवावं लागतं. ३० च्या आसपास किंवा खाली ग्लायकोपायरोनियम द्यायचं की नाही हे डॉक्टर तोलून ठरवतात. लक्षणं ओळखीची आहेत: तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडकणं. लघवी तुंबली की सगळे प्रोस्टेटला दोष देतात, नव्या पंपाची आठवण कोणाला होत नाही. काचबिंदू असेल तर नेब्युलायझरचा मास्क डोळ्यांवर वाफ सोडत नाही ना, हेही पाहा. नेब्युलायझरमधलं इप्राट्रोपियम डोळ्यात गेलं तर दाब चढू शकतो.

पंपाचं औषध पोटातही जातं

साधा दाबायचा पंप स्पेसरशिवाय (पंपाला जोडायच्या पोकळ नळीशिवाय) घेतला तर मात्रेतला दहा-वीस टक्के भागच फुफ्फुसात पोचतो. उरलेलं घशावर आदळतं आणि गिळलं जातं. म्हणून त्याचंही पचन यकृताच्याच हाती असतं. बुडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडचा गिळलेला भाग यकृत पहिल्या फेरीतच सुमारे ९० टक्के मोडून टाकतं, फ्लुटिकासोनचा तर जवळजवळ सगळाच. पंपातलं स्टेरॉइड गोळीपेक्षा सुरक्षित असण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

ही तटबंदी एका गोळीने ढासळते, आणि ती गोळी आज घरोघरी आहे: गजकर्णासाठीचं इट्राकोनाझोल. बुडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन मोडणारं सीवायपी३ए४ एन्झाइम ते अडवतं. गजकर्ण चिवट झाल्यामुळे हे औषध महिनामहिना चालतं. तेवढ्या काळात पंपातलं स्टेरॉइड अंगात साठत जातं. चेहरा गोल होतो, साखर चढते, दंडावर निळे डाग पडतात, जिने चढताना मांड्यांत जोर राहत नाही. पंप मात्र तोच, दोन वेळचा. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर आणि क्लॅरिथ्रोमायसिनही असंच वागतात. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत पंप दाखवा. टर्बिनाफिन हे एन्झाइम अडवत नाही, तो पर्याय तुमच्यासाठी योग्य आहे का ते तेच ठरवतील. इट्राकोनाझोल थांबवल्यावरही त्याचा परिणाम काही काळ टिकतो. आणि अशा वेळी पंप आपल्या मनाने बंद करू नका.

फुफ्फुसात किती पोचतं हेही माणसावर ठरतं. दाबायचा पंप हळू, चार-पाच सेकंद ओढायचा. रोटाकॅप जोरात आणि झटक्यात. दोन्हीनंतर दहा सेकंद श्वास धरायचा. थकलेल्या माणसात रोटाकॅपची पूड उडवायला लागणारा जोर नसतो. घेतल्यावर कॅप्सूल उघडून पाहा. पूड तळाशी उरली असेल तर दुसऱ्यांदा ओढायला लावा. रोज उरत असेल तर साधन बदलण्याबद्दल विचारा, मात्रा वाढवण्याबद्दल नको. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रोटाकॅप मोरीजवळच्या फळीवर ठेवल्या तर पुडीची ढेकळं होतात. संधिवाताने बोटं वाकलेली असतील तर पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकत्र जमत नाही, तिथे स्पेसर हवाच. स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळणी करून पाणी थुंका.

टीबी झालेल्यांसाठी

जुन्या टीबीने फुफ्फुसं खराब झालेल्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि टीबी परत आला तर रिफाम्पिसिन परत सुरू होतं. ते यकृताची एन्झाइमं इतकी वाढवतं की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीचा परिणाम निम्म्यावर येऊ शकतो. डॉक्टर अनेकदा त्या काळापुरती स्टेरॉइडची मात्रा दुप्पट करतात. चूक होते ती शेवटी. टीबीचा कोर्स संपतो, पुढच्या दोनेक आठवड्यांत एन्झाइमं पूर्वपदावर येतात आणि दुप्पट मात्रा तशीच चालू राहते. कोर्स संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

रक्तातलं अल्ब्युमिन कमी असलेल्या, खंगलेल्या रुग्णात प्रेडनिसोलोन नेहमीच्या मात्रेतही जास्त चढतं, कारण ते प्रथिनाला बांधलेलं न राहता मोकळं फिरतं. नेब्युलायझरचं साल्ब्युटामॉल, प्रेडनिसोलोन, थिओफायलिन आणि लघवीची गोळी ही चौकडी एकत्र आली की पोटॅशियम घसरतं. पायात गोळे, अशक्तपणा, ठोका चुकल्यासारखं वाटणं, असं झालं तर पोटॅशियम तपासून घ्या; ३.५ च्या खाली गेलेलं दुर्लक्षू नये.

फुफ्फुसं कडक होण्याच्या आजारात पिरफेनिडोन दिलं जातं. तेही सीवायपी१ए२ वरच जातं. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात त्याची मात्रा साधारण निम्मीच राहते, महागडी गोळी धुरात जाते म्हणा. ती जेवणासोबतच घ्या. उन्हात कातडी भाजते, म्हणून मे महिन्यात दुपारी बाहेर पडणं टाळा.

पातळीची तपासणी करताना

मात्रा बदलल्यावर किमान तीन दिवस, एकही गोळी न चुकवता, जाऊ द्या. नमुना पुढच्या गोळीच्या अगदी आधी द्यायचा. शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं, या दोन वेळा फॉर्मवर लिहायला लावा. वेळ नसलेला आकडा वाचता येत नाही. डेरिफायलिनमधलं एटोफायलिन शरीरात थिओफायलिन होत नाही, म्हणून अहवालात फक्त थिओफायलिनचाच भाग दिसतो. आकडा कमी आला म्हणजे त्रास औषधाचा नाहीच, असं त्यावरून ठरत नाही. मात्र विषबाधेची शंका असेल तर तीन दिवस थांबायचं नसतं, नमुना लगेच जातो.

हळूहळू विरघळणारी गोळी कुटून, चघळून देऊ नका. बारा तासांचं औषध तासाभरात सुटतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरं रूप मागा.

पाकिटात ठेवायचा कागद

एका वहीच्या पानावर एवढं लिहा: वय, उंची, महिन्याला एकदा मोजलेलं वजन, शेवटचं क्रिएटिनिन तारखेसह, यकृत आणि हृदयाचा आजार, बिडी चालू, की कोणत्या तारखेपासून बंद, प्रत्येक औषधाचे घटक, मिलिग्रॅम, वेळ, चूर्णं, मागच्या महिन्यात दुसऱ्या कोणी दिलेली गोळी. हिंदीत किंवा मराठीत, कशातही चालेल, औषधांची नावं मात्र पट्टीवरून जशीच्या तशी उतरवा. दवा बाजारात किंवा जन औषधी केंद्रात ब्रँड बदलून मिळाला तर घटक आणि मिलिग्रॅम या कागदाशी जुळवूनच पैसे द्या. हळूहळू विरघळणाऱ्या थिओफायलिनच्या बाबतीत शक्यतो कंपनी बदलू नका, कारण दोन कंपन्यांची गोळी एकाच वेगाने सुटेल असं नाही.

वारंवार उलटी, थांबत नसलेली थरथर, ठोका १२० च्या वर, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा झटका, यांतलं काहीही दिसलं तर थिओफायलिनची पुढची गोळी देऊ नका. १०८ ला फोन करा, किंवा इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलसारख्या चोवीस तास आपत्कालीन विभाग असलेल्या ठिकाणी थेट न्या. हा कागद आणि सगळ्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून बरोबर घ्या, आणि दारातच सांगा की रुग्ण ‘थिओफायलिनवर आहे’.